दहा मिनिटांचा हिशेब

न्यूयॉर्क मॅरेथॉनचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९७६ सालावर थांबतात. त्या वर्षी शर्यत सेंट्रल पार्कच्या बाहेर पडली आणि शहराच्या पाचही भागांतून धावली. मला मात्र १९७२ साल जास्त मोलाचं वाटतं.

१९७० च्या पहिल्या शर्यतीत १२७ धावपटू होते, शेवटपर्यंत पोहोचले ५५. त्यांत एकच स्त्री होती, निना कुसिक. तिला शर्यत अर्धवट सोडावी लागली. दोन वर्षांनी स्त्रियांची संख्या वाढली, तेव्हा अमेरिकेच्या क्रीडा संघटनेने नियम लावला: स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी सुटायचं. इशारा झाला आणि सहा जणी धावण्याऐवजी रस्त्यावर बसल्या. दहा मिनिटांनी पुरुषांबरोबरच उठून धावल्या. शिक्षा म्हणून त्यांच्या वेळेत दहा मिनिटं वाढवली गेली.

"वेगळी सोय केली होती, मग बिघडलं कुठे?" हा प्रश्न आपल्याकडेही नेहमी ऐकू येतो. आज न्यूयॉर्कमध्ये अव्वल स्त्री धावपटू पुरुषांच्या आधीच सुटतात, त्यांची शर्यत लोकांना नीट दिसावी म्हणून. त्याबद्दल कुणी रस्त्यावर बसत नाही.

वेगळेपणात अन्याय असतोच असं नाही. तो कुणाच्या भल्यासाठी आहे आणि ठरवताना त्यांना विचारलं होतं का, एवढंच पाहायचं. आपल्या मुलींसाठी मैदान, वेळ, जागा ठरवताना आपण तरी त्यांना विचारतो का?