उन्हात पांढरे केलेले केस

मुरलेला माणूस समोरच्याला गप्प करताना म्हणतो, ‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत.’ सध्या आपल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात जी कपाटं लागतायत, त्यांचे केस सरळसरळ उन्हात पांढरे केलेले असतात आणि त्यासाठी आपण स्क्वेअर फुटाच्या भावाने जादा पैसे मोजतो. कॅटलॉगमध्ये नावं असतात ‘अँटिक फिनिश’, ‘रस्टिक’, ‘डिस्ट्रेस्ड’, ‘वाडा लूक’. साइटवर त्याला एकच नाव आहे, ग्लेझ मारणे. इंटिरियरच्या साइटवर उभं राहून ही कामं करून घेणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे हे मी लांबून बघून लिहीत नाहीये. माझा राग आहे. तो कशावर आहे आणि कशावर नाही, तेवढं नीट सांगतो.

आधी वस्तू समजून घेऊ. स्टेन म्हणजे कोऱ्या लाकडात मुरणारा रंग. ग्लेझ मुरत नाही. लाकडाला स्टेन किंवा पेंट झाला, त्यावर सीलर बसला, तो वाळला, की वरून हे पातळ, अर्धपारदर्शक, सावकाश सुकणारं रंगीत द्रव्य ब्रशने फासायचं. रंग बहुतेक वेळा गडद तपकिरी. थोडं थांबायचं आणि फडक्याने पुसून टाकायचं. सपाट भागावरचं जवळपास सगळं निघून जातं. खाचेत, कोपऱ्यात, नक्षीच्या तळाशी राहतं. शेवटी वर पारदर्शक कोट, नाहीतर हात लागून लागून ते उडतं. ग्लेझ पुरता वाळायच्या आत घाईने कोट मारला, तर तो धड धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. लावायला कुणालाही येतं. किती वेळ थांबायचं, किती जोर द्यायचा, लाकडाच्या रेषेने फडकं कसं ओढायचं, हे येणारे हात थोडे असतात.

या कामावर माझा राग नाही, उलट प्रेम आहे. एकाच कपाटाला दोन वेगळ्या ओंडक्यांच्या फळ्या आल्या, एक उजळ आणि एक काळसर, तर हलक्या ग्लेझने त्या एका घरातल्या वाटायला लागतात. कोरीव कामाला सावली मिळते, वेल उठून दिसते. एकाच सपाट रंगाच्या दाराला खोली येते. सुताराने मेहनतीने काढलेली गोलाई डोळ्यांना दिसावी म्हणून ग्लेझ लावला, तर माझी काहीच हरकत नाही. डोळ्यांत काजळ घालतो तसंच ते.

पण हल्ली ऑर्डर काय असते? खाली एमडीएफ. लाकडाचे तंतू आणि रेझिन दाबून केलेला बोर्ड, ज्याला ना रेषा, ना गाठ, ना वय. त्यावर सीएनसी मशीनने पाडलेली खाच. त्यावर ऑफ-व्हाइट पीयू. आणि त्या खाचेत तपकिरी ग्लेझ, म्हणजे मळ. शब्द कडू लागेल, पण नक्कल त्याचीच आहे. जुन्या फर्निचरच्या खाचेत काय साठलेलं असतं? धूळ, तेलकट हात, धूर, मेण, पुन्हा पुन्हा मारलेल्या पॉलिशचे थर. फडकं तिथपर्यंत पोचत नाही म्हणून ते साठतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या वापराची ही खूण आपण आता घर ताब्यात घ्यायच्या आधीच लावून मागतो.

आणि नक्कलही बरी नसते. खरं म्हातारपण एकसारखं येत नाही. कपाटाच्या ज्या दाराला रोज हात लागतो, तिथे मुठीशेजारचा रंग उडतो. खालची कड लादी पुसण्याच्या पाण्याने फुगते. खिडकीकडच्या बाजूला ऊन लागतं, ती वेगळी दिसते. ड्रॉवर ओढून ओढून त्याची धाव झिजते. ग्लेझवाल्या किचनमध्ये मात्र सिंकखालचं दार आणि छताला टेकलेलं दार, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही, दोन्ही अगदी एका वयाची. जुळ्या बहिणींना सुरकुत्याही मोजून सारख्या पडाव्यात तसं.

एका घरी काम देऊन महिनाही झाला नव्हता आणि फोन आला की खाचांमधला रंग गेलाय. गेला नव्हता, घासून काढला होता. कामाला येणाऱ्या मावशींना वाटलं, मिस्त्री लोक घाण ठेवून गेले. त्यांनी तारेच्या घासणीने चार दारं लख्ख केली. मालकीणबाई वैतागल्या. मावशींचं म्हणणं एवढंच होतं, ‘नव्या घरात एवढा मळ कसा ठेवायचा?’ या फॅशनवर याहून चांगली टीका मी ऐकलेली नाही.

‘एवढं काय, सजावटच तर आहे, कोण फसतंय?’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. कबूल. पाहुण्यांना माहीत असतं की हे गेल्या दिवाळीत लागलंय. माझं दुखणं वेगळं आहे. ज्या घरात हा खोटा मळ विकत येतो, त्याच घरातून खरा बाहेर जातो. आजीचं सागवानी कपाट ‘जागा खातं’ म्हणून भंगारवाल्याला किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजाराला. नाही गेलं, तर आणखी वाईट होतं. त्याला ‘रिस्टोअर’ करतात. सँडर फिरतो, वरचा सगळा थर पिठासारखा उडतो, खालून फिकट कोरं लाकूड निघतं. मग ते फारच नवं दिसतं म्हणून त्यावर स्टेन, सीलर आणि अँटिक ग्लेझ. म्हणजे साठ वर्षांत आलेलं सोलून काढायचं आणि दोन दिवसांत तसंच काहीतरी वर फासायचं. डोक्यावर टक्कल करून वर टोप घालण्यातला प्रकार.

जुन्या कपाटांवर बहुधा फ्रेंच पॉलिश असतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने पातळ थरावर थर चढवायचे. त्याचे दोष मला माहीत आहेत. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, पाणी साचलं की डाग पडतो. पण वाळलेली लाखही स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. म्हणून जाणकार पॉलिशवाला डाग पडला तेवढ्याच जागी बोळा फिरवून नवा थर जुन्यात मिसळून टाकतो. पीयूचं तसं नाही. तो एकदा पक्का झाला की विरघळत नाही. ओरखडा खोल गेला तर बहुधा पूर्ण दारच घासून नव्याने करावं लागतं. दुरुस्त होणारी वस्तू मोडीत काढून, दुरुस्त न होणारी वस्तू जुनी दिसावी म्हणून आपण पैसे खर्च करतो. हा हिशेब मला कुणीतरी समजावून द्यावा.

जुन्या रंगवलेल्या फर्निचरला सँडर लावण्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कोटेशनमध्ये कधीच नसते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे आपले नियम २०१६ चे, अंमल नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती त्या खोलीतल्या लहान मुलाच्या हाताला लागते आणि सगळ्यात आधी घासणाऱ्या पोराच्या छातीत जाते, ज्याच्या तोंडाला फार तर रुमाल बांधलेला असतो. तुमच्या रीलमध्ये ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ असतं. ही धूळ त्या दोन फोटोंच्या मधली आहे.

आता ही आवड आली कुठून? जुनेपणाच्या खुणांना प्रतिष्ठा असणं ही नवी गोष्ट नाही. ग्रँट मॅक्क्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ च्या पुस्तकात मांडलंय की इंग्लंडमध्ये एके काळी चांदीच्या भांड्यांवरची झाक हा पिढीजात श्रीमंतीचा दाखला होता. काल पैसा मिळालेल्याला भांडी विकत घेता येत, झाक नाही. पुढे १९८९ मध्ये रेचल ॲशवेलने कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात ‘शॅबी शिक’ नावाचं दुकान काढलं आणि पोपडे निघालेलं, विटलेलं फर्निचर ही एक शैली झाली. तिचं मूळ निदान जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तूंत होतं. आपल्यापर्यंत येता येता वस्तू गळाली, पोपडे राहिले.

आणि आपण कुणाचं जुनेपण विकत घेतो तेही बघा. ‘वाडा लूक’मध्ये सरदारांचा, सावकारांचा वाडा असतो. झोपाळा, पितळी कड्या, काळपट खांब. त्या वाड्याच्या ओसरीपलीकडे कुणाच्या आजोबांना पाऊल टाकता येत नव्हतं, हे त्या ग्लेझमध्ये दिसत नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी जुनं म्हणजे पत्र्याची ट्रंक, लोखंडी कपाट, त्याच्या दारावर अर्धवट निघालेले क्रिकेटपटूंचे स्टिकर, आणि नाव व तारीख कोरलेली स्टीलची भांडी. चाळीतल्या खोलीची नक्कल करून द्या, असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. स्वतःचं जुनं भंगारात देऊन आपण दुसऱ्याचं जुनं अंगावर घालतोय.

नव्याला नवं दिसायची लाज वाटावी, अशी आपली रीत तरी कधी होती? सावंतवाडीची लाखकामाची खेळणी आणि लाकडी फळं बघा. लालभडक, पिवळीधमक, चकचकीत. पन्नास वर्षांनी ती मऊ होतील, फिकी होतील, ते त्यांचं त्या बघतील. जपानी लेखक तानिझाकीने १९३३ मध्ये सावल्यांवरच्या निबंधात जुन्या वस्तूंच्या त्या मंद चमकेबद्दल लिहिलं आणि ती हातांच्या मळाने येते हे बिनदिक्कत सांगितलं. त्याला तो मळ आवडत होता. पण तो हातांचाच हवा ना!

तर मी ग्राहकांना काय सांगतो? घरात जुनं लाकूड असेल तर आधी सँडर लांब ठेवा. ओलसर फडक्याने पुसा, मग कुठल्या तरी लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावून बघा. चिकट झालं तर ती लाख आहे, पॉलिशवाला शोधा. नवं करताय तर रंग नवा दिसू द्या. ग्लेझ हवाच असेल तर खऱ्या लाकडाच्या खऱ्या कोरीव कामावर करा, आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना मागा आणि पुसणाऱ्याला त्याचा वेळ द्या. जवसाच्या तेलातला ग्लेझ वापरलात तर पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

सध्या डोंबिवलीच्या एका घरात देव्हाऱ्यावरून वाद चालू आहे. शिसवी आहे, हातभर उंचीचा. आतल्या कमानीवर समईच्या काजळीचा काळा पट्टा, उंबऱ्याशी कुंकवाचा लाल डाग, तो लाकडातच गेलाय. मुलाला तो नव्या किचनच्या ग्लेझशी ‘मॅच’ करून हवाय. आईंना काही बोलायचं नसतं, त्या फक्त रोज संध्याकाळी तिथेच दिवा लावतात. मी मुलाला सांगितलं, करायचंच असेल तर किचनचा एक शटर काढून या देव्हाऱ्याशेजारी उभा करून बघ, दिवा लागल्यावर. त्याने अजून केलेलं नाही. पॉलिशवाल्याची तारीख सोमवारची आहे.