नेत्रसंवाद : डोळ्यांपुढचा निरोप

मध्यंतरी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी स्वतः बनवलेला चष्मा घेऊन माझ्याकडे आला. चष्म्याच्या काडीवर बोटाच्या पेराएवढा पडदा होता. मोबाइलवर आलेला निरोप ब्लूटूथमार्गे त्यावर उमटे आणि चष्म्यासमोरून हात फिरवला की तो पुढे सरके. गुगलचा असा चष्मा 2013 मध्ये 1500 डॉलरना मिळत होता. याने सुटे भाग जोडून तीन हजार रुपयांत काम भागवले होते. "आजोबांना फोनची घंटा ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पण इतक्या जवळचे वाचून डोळ्यांना त्रास तर होणार नाही ना?"

प्रश्न रास्त होता. तरुण डोळ्यालाही दोन-तीन सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसत नाही. म्हणूनच पडदा आणि डोळा यांच्यामध्ये बहिर्वक्र भिंग लागते. पडदा भिंगाच्या नाभीय अंतरावर ठेवला, तर प्रतिमा जणू दूरवर उभी राहते आणि डोळ्याला जवळचे पाहण्याचे श्रम पडत नाहीत. गंमत अशी, की चाळिशीचा चष्मा लागणाऱ्या आजोबांना हा मजकूर फक्त लांबच्या नंबरवर वाचता येतो. भिंग किंचित पुढेमागे करताच अक्षरे स्वच्छ झाली. बॅटरी मात्र कानशिलावरून काढून खिशात ठेवायला सांगितली. लिथियमची बॅटरी तापली, तर ती त्वचेलगत नसावी.

माझी खरी चिंता वेगळीच होती. ज्याला कमी ऐकू येते, त्याचे डोळेच कानांचे काम करतात. मागून येणाऱ्या रिक्षाचा भोंगा त्याला ऐकू येत नाही. तो वळून पाहतो, म्हणून वाचतो. नेमक्या त्याच क्षणी डोळ्यांपुढे अक्षरे झळकली, तर? नजर रस्त्यावर असली, तरी लक्ष निरोपात गुंतते. जिना उतरतानाही तेच.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आता पडदा एरवी काळाच राहतो. निरोप आला, की काडीला हलकासा कंप जाणवतो. आजोबांनी थांबावे, शक्यतो बसावे आणि मग हात फिरवावा. तेव्हाच मजकूर दिसतो. हाताच्या हालचालीवर पडून परतणारा अवरक्त प्रकाश टिपून संवेदक दिशा ओळखतो. कडक उन्हात तो गोंधळतो, त्यामुळे सावली शोधावी लागते. हीही एका परीने सोयच!

पंधरा दिवसांनी आजोबा स्वतः आले. तक्रार एकच : माशी हाकलली, की मुलीचा निरोप उघडतो.