कर्ज आईचं, खुर्ची दादाची

मी ज्या बचत गटांबरोबर काम करते, त्यातल्या साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या एका वहीत बी-बियाणं, शेळी, आजारपण यांच्या जोडीला कर्जाचं एक नवं कारण आलंय : ‘मुलाचं शिक्षण, संगणक’. आई धानाच्या रोवणीला जाते आणि शेकडा दोन रुपये व्याजाने हप्ता फेडते. घेतलेला संगणक ‘ऑल-इन-वन’, म्हणजे पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र. देखणा, तारा कमी. वर्षभरात पोराची कुरकुर सुरू : गेम अडकतो, दुसरा घ्या. आणि आई मला विचारते, “ताई, आणखी कर्ज भेटंन का?”

मैत्रिणींनो, आधी यंत्र समजून घेऊ. बाईला त्यातलं कळत नाही, हे गृहीत धरूनच तर तिला फसवलं जातं. पडद्यावरचं चित्र रंगवतो तो भाग म्हणजे ग्राफिक्स. स्वस्त ऑल-इन-वनमध्ये तो बहुधा मुख्य प्रोसेसरमध्येच असतो. त्याला स्वतःची मेमरी नसते; संगणकाच्या ८ जीबीतूनच तो वाटा उचलतो. पातळ अंगात उष्णता बाहेर पडायला जागा कमी, म्हणून आतले भागही बरेचदा लॅपटॉपच्या जातीचे. पेटीवाल्या संगणकात पुढे वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवता येतं, इथे सहसा नाही. म्हणजे भारी खेळ हवा तर अख्खं यंत्र बदला! विकताना हे कोण सांगतं?

गटाचा हिशोब, अर्ज, एमएस-सीआयटीचा सराव, शाळेचे व्हिडिओ यांना मात्र हे यंत्र पुष्कळ झालं. खेळसुद्धा चालतात. सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० ऐवजी १२८० बाय ७२० केलं की रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात, अडकणं बरंच घटतं. खर्च शून्य.

तेव्हा माझा विरोध दुसऱ्या कर्जाला आहे, खेळाला नाही. खेळ म्हटलं की आपल्यातल्याच काहीजणी नाक मुरडतात, ते मला पटत नाही. घरच्या संगणकावर चित्रांसकट साहसखेळ आणणारा ‘मिस्टरी हाऊस’ १९८० साली रॉबर्टा विल्यम्स या बाईने रचला, चित्रंही तिनेच काढली. मग आमच्या पोरींनी पडद्याकडे पाठ करून भांडी का घासायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. ही दरी नव्या यंत्राने भरणार नाही. खुर्चीत कोण बसतं, पासवर्ड कोणाकडे, यावर ती ठरते. दादा म्हणतो, “तिला काय समजते?” हात लावू दिला तर समजेल ना!

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. गटाच्या पैशातून संगणक आला तर बिल कर्जदार बाईच्या नावाने, पासवर्ड तिच्याकडे, आणि मुलीची वेळ ठरलेली, खेळायची धरून. ज्या घराला हे मान्य नसेल, तिथल्या बापाने स्वतःच्या नावावर कर्ज काढावं.