गुणांची चाळणी आणि विषयांची निवड

दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश-अर्ज यांच्यामध्ये जे मोजके दिवस मिळतात, त्यांत महाराष्ट्रातील लाखो कुटुंबे मुलामुलींच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवतात, आणि या ठरवण्याला विषयांची निवड असे नाव असले तरी बहुतेक घरांत ती गुणपत्रिकेने केलेली वाटणी असते. नव्वद टक्के मिळाले तर विज्ञान, सत्तर मिळाले तर वाणिज्य, पन्नास मिळाले तर कला, आणि यांपैकी कोठेच जमले नाही तर व्यवसाय अभ्यासक्रम किंवा आयटीआय, अशी ही उतरंड समाजाने इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की विद्यार्थ्याला काय आवडते, हा प्रश्न विचारला जाण्याआधीच त्याचे उत्तर टक्क्यांनी दिलेले असते. ही उतरंड शैक्षणिकदृष्ट्या चुकीची व सामाजिकदृष्ट्या अन्यायकारक आहे, आणि ती मोडायची तर हाताच्या कामाचा विषय सर्व शाखांतील विद्यार्थ्यांच्या विषययादीत आला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. भोवती कापूस आणि संत्र्याचा मुलूख असलेल्या या गावात कनिष्ठ महाविद्यालये, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि शासकीय तंत्रनिकेतन एकाच वस्तीत आहेत, आणि तरीही त्यांतील विद्यार्थ्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

विवेचनापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. उच्च माध्यमिक स्तर म्हणजे अकरावी व बारावी. या स्तरावर कला, वाणिज्य व विज्ञान या तीन परिचित शाखा आहेत. द्विलक्षी अभ्यासक्रम म्हणजे नेहमीच्या शाखेत राहूनच द्वितीय भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेण्याची सोय. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, विद्युत उपकरणांची देखभाल, पीकशास्त्र हे असे विषय होत. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, ज्याला सर्वत्र एमसीव्हीसी म्हटले जाई, ही बारावीतच पूर्ण होणारी स्वतंत्र व्यावसायिक शाखा असून ती महाराष्ट्रात १९८८-८९ पासून सुरू झाली. आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जेथे जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, म्हणजे बोलीत फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, असे व्यवसाय शिकवले जातात. आणि तंत्रनिकेतन म्हणजे दहावीनंतर अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका देणारी संस्था.

प्रचलित उतरंडीच्या समर्थनार्थ जे म्हटले जाते, त्याचे चार भाग पडतात. पहिला पक्ष असा की विज्ञान शाखेतून सर्व दारे उघडी राहतात, कारण बारावी विज्ञान झालेल्याला पुढे कला वा वाणिज्याकडे वळता येते, उलट मार्गाने मात्र येता येत नाही. दुसरा पक्ष असा की गुण हेच योग्यतेचे निष्पक्ष माप आहे. तिसरा असा की व्यवसाय शिक्षण म्हणजे बौद्धिक शिक्षण न झेपणाऱ्यांची सोय. चौथा पक्ष या तिन्हींहून निराळा व अधिक गंभीर आहे: ज्या समाजात धंदा जातीने ठरला, तेथे बहुजनांच्या मुलांना पुन्हा हातकामाकडे लावणे म्हणजे त्यांना पुस्तकापासून दूर ठेवणे होय.

पहिल्या पक्षात तथ्यांश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीकडे परतणे खरोखर अवघड असते. परंतु दार उघडे असणे आणि त्या दारातून जाता येणे यांत अंतर आहे. रस नसताना केवळ दारे उघडी राहावीत म्हणून विज्ञान घेतलेला विद्यार्थी दोन वर्षे नीट, जेईई किंवा सीईटीच्या शिकवणीत घालवतो, कनिष्ठ महाविद्यालयात त्याचे नाव केवळ हजेरीपटावर राहते, प्रयोगवही दुसऱ्याच्या वहीवरून उतरते, आणि शेवटी जेमतेम गुणांनिशी तो त्याच कला शाखेच्या पदवीवर्गात येतो, जिथे तो दोन वर्षे आधी आवडीने येऊ शकला असता. शिवाय विज्ञान हाच एकमेव पुढे जाणारा रस्ता आहे, हे गृहीतकही वस्तुस्थितीला धरून नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची तरतूद आहे, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे आर्वीच्या आयटीआयपासून अभियंत्याच्या पदवीपर्यंत जिना आहे. पालकांना तो दाखवला जात नाही, एवढेच.

दुसऱ्या पक्षाचे खंडन गुणपत्रिकाच करते. दहावीची एकूण टक्केवारी ही भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांची बेरीज असते, आणि बेरजेत मुलाचा कल हरवतो. इतिहासात रमणारी मुलगी आणि यंत्राशी खेळणारा मुलगा यांची टक्केवारी एकच असू शकते, तरी प्रवेशाच्या यादीत ते शेजारी बसतात आणि एकाच शाखेकडे ढकलले जातात. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली, आणि त्यामुळे आर्वीचा विद्यार्थीही महानगरांतील विद्यार्थ्याप्रमाणे पसंतीक्रम भरू लागला. ही पद्धत पारदर्शक आहे, हे तिचे श्रेय आहे. मात्र पसंतीक्रम भरता येण्यासाठी आधी पसंती तयार व्हावी लागते, आणि ती तयार करण्याचे काम कोणतीही संगणकप्रणाली करू शकत नाही. आठवी ते दहावी या तीन वर्षांत ज्या मुलाने कधी कानस हातात धरली नाही, कलम बांधले नाही, दुकानाचे खाते लिहिले नाही, त्याला आपला कल कोठून कळावा?

तिसरा पक्ष, म्हणजे हातकामाला बुद्धी लागत नाही ही समजूत, आर्वीच्या संत्राबागेत एक तास उभे राहिल्यास टिकत नाही. संत्र्याच्या झाडाला बुरशीमुळे होणारा डिंक्या रोग टाळण्यासाठी बुंध्याला बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून नंतर एकत्र करायचे, आणि मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी विळ्याचे घासलेले पाते त्यात काही वेळ बुडवून ठेवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून चुन्याची निवळी आणखी घालायची. बागायतदाराला ही खूण सवयीने ठाऊक असते. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते मोरचुदाच्या द्रावणातील तांब्याला बाजूला सारून त्याची जागा घेते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असते. एकाला खूण माहीत आहे पण कारण माहीत नाही, दुसऱ्याला कारण माहीत आहे पण त्याने ती खूण पाहिलेली नाही, आणि पुष्कळदा हे दोघे एकाच घरातील बाप-लेक असतात. विहिरीवरची मोटार जळाल्यावर तिचे रिवाइंडिंग करणारा कारागीर जुन्या वेटोळ्याचे फेरे मोजतो, तारेचा गेज तपासतो, खाचांत नवा कागद बसवतो आणि तितकेच फेरे पुन्हा भरतो. तो जे करतो ते बारावीच्या भौतिकशास्त्रातील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे प्रकरणच आहे. ते प्रवर्तन शोधणारा मायकेल फॅरडे हा वयाच्या चौदाव्या वर्षापासून सात वर्षे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मुलगा होता, हे त्या प्रकरणाच्या प्रारंभी प्रत्येक शिक्षकाने सांगावे.

या समजुतीला धोरणांनीही खतपाणी घातले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षणाचे एक प्रयोजन असे सांगितले की विशेष रस वा उद्दिष्ट नसताना उच्च शिक्षण घेणाऱ्यांना त्यामुळे पर्याय मिळेल. आणि उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत व २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत त्याखाली आणण्याचे लक्ष्य ठेवले. १९९२ च्या सुधारणेत हीच लक्ष्ये अनुक्रमे १९९५ व २००० पर्यंत पुढे ढकलावी लागली. २०२० च्या धोरणाने तर बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन नमूद केले की १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहून कमी भारतीय कामगारांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतले आहे, तर हेच प्रमाण जर्मनीत ७५ व दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे. लक्ष्ये चुकली याचे मूळ कारण त्यांच्या मांडणीतच आहे. जो अभ्यासक्रम रस नसलेल्यांसाठी म्हणून जाहीर केला जातो, त्याकडे रस असलेला विद्यार्थी फिरकत नाही, आणि मग जुनी यंत्रे व तुटपुंज्या मानधनावरील निदेशक एवढेच त्याच्या वाट्याला उरते.

चौथ्या पक्षाला उत्तर देताना अधिक सावध राहावे लागते, कारण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ती जातिधंद्याला शाळेची मान्यता देणारी आहे म्हणून तिच्याविरुद्ध प्रखर आंदोलन झाले आणि १९५४ मध्ये नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ती रद्द केली. ती रद्द झाली हे योग्यच झाले. परंतु त्या योजनेतील दोष कामात नव्हता. काम बापाचे आणि शाळा अर्धी, या जोडीत होता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणासाठी मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखाने यांतील शिकाऊ उमेदवारी, या दोन्हींची मागणी एकत्र केली. म्हणजे बहुजनांच्या कैवाऱ्यांनी कौशल्याला विरोध केला नाही. कौशल्य देऊन पुढचे दार बंद करण्याला त्यांचा विरोध होता. आज जातिव्यवस्था खऱ्या अर्थाने जिवंत ठेवणारी कोणती गोष्ट असेल तर ती म्हणजे शिकलेल्या घरातील मुलाला वेल्डिंग कधीच शिकावे न लागणे आणि मजुराच्या मुलाला तेच एक शिकावे लागणे.

आता मंडन. ज्या जिल्ह्यात आर्वी आहे, त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि तिच्यातून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने मातृभाषेतून, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची योजना मांडली. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा, या तिच्या अंगावर तेव्हाच टीका झाली होती व ती रास्त होती. तथापि, हस्तोद्योग सर्व मुलांसाठी असावा आणि त्याच्या द्वारेच गणित, विज्ञान व समाजशास्त्र शिकवावे, हा तिचा गाभा आजही खरा आहे. नयी तालीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत सूत काढणे हा नापासांचा विषय नव्हता.

हा गाभा उच्च माध्यमिक स्तरावर कसा उतरवता येतो, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये सापडते. तेथे माध्यमिक शाळेची पहिली तीन वर्षे सर्वांना व्यापक सामान्य शिक्षण मिळते, आणि चौथ्या ते सहाव्या वर्षांच्या वरिष्ठ टप्प्यात विद्यार्थी शाखेऐवजी विषय निवडतो. पाचव्या वर्षी साधारणतः पाच विषय ‘हायर’ या पातळीवर घेतले जातात. सर इयन वुड यांच्या आयोगाने २०१४ मध्ये शाळेतच दर्जेदार व्यवसाय शिक्षण देण्याची शिफारस केल्यानंतर तेथे ‘फाउंडेशन अप्रेंटिसशिप’ आली: विद्यार्थी शाळेत राहूनच आठवड्यातील काही वेळ महाविद्यालयात व कामाच्या ठिकाणी घालवतो, आणि ही पात्रता बारा पायऱ्यांच्या राष्ट्रीय आराखड्यात हायरच्याच, म्हणजे सहाव्या, पायरीवर गणली जाते. घेण्याजोगी गोष्ट ही समान पायरी आहे. त्यामुळे इतिहास आणि अभियांत्रिकीचे कौशल्य एकाच विद्यार्थ्याच्या यादीत शेजारी बसू शकतात.

महाराष्ट्राला यासाठी परक्याचा आराखडा उसना आणण्याची गरज नाही, कारण द्विलक्षीच्या रूपाने त्याचे बीज येथे आहेच. मात्र ते विज्ञानात गुण वाढवून देणारा विषय एवढ्यापुरतेच वापरले गेले. आर्वीपुरते बोलायचे तर पुढील गोष्टी शक्य आहेत. कला व वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनाही पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय वा विद्युत देखभाल घेता यावी, आणि त्यांची प्रात्यक्षिके गावातील आयटीआय व तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत व्हावीत. बाहेरगावच्या मुली एसटीने ये-जा करतात, म्हणून या तासिका दुपारी शेवटच्या गाडीच्या आत बसवाव्यात. उलट दिशेने, आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी, इंग्रजी वा इतिहास शिकण्याची मुभा असावी, कारण कारागिराला साहित्याचा हक्क नाही असे कोणी ठरवलेले नाही. सहावी ते आठवीतील दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे घालवण्याची २०२० च्या धोरणातील कल्पना जिनिंगमध्ये, संत्र्याच्या रोपवाटिकेत आणि गौळाऊ गाईंच्या गोठ्यात प्रत्यक्ष आणावी, आणि ती प्रत्येक मुलाला, डॉक्टरच्या मुलासह, लागू असावी. विषयांविषयीचे मार्गदर्शन निकालानंतरच्या आठवड्यात न ठेवता नववीपासून सुरू व्हावे, म्हणजे गुण हाती येण्यापूर्वी आवड ठरलेली असेल.

पालकांना आणि शिक्षकांना विनंती एवढीच की येत्या जूनमध्ये मुलासमोर गुणपत्रिका ठेवण्यापूर्वी त्याला दोन प्रश्न विचारावेत: कोणते पुस्तक वाचताना वेळ कळत नाही, आणि कोणते काम करताना वेळ कळत नाही. ज्या शिक्षणव्यवस्थेत या दोन्ही उत्तरांना एकाच अर्जावर जागा मिळेल, तिलाच विषयांची निवड हे नाव शोभेल.