गाडी कोणाची आणि मुक्काम कुठे?

मोटारसायकलींच्या आठवणी सांगण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी आजोबांची येझदी, मग काकांची आरएक्स १००, कॉलेजात हट्ट करून मिळवलेली पल्सर, नोकरी लागल्यावर बुलेट आणि शेवटी लडाख. मी पीएच.डी. करते त्या विभागाच्या कँटीनमध्ये ही यादी इतक्यांदा ऐकली आहे की पुढची गाडी कोणती येणार ते मला आधीच सांगता येतं. गाडीवर जीव जडतो, माझाही जडला आहे, त्यामुळे या आठवणींवर माझा राग नाही. पण त्यांत गाडी नेहमी भटकायला निघालेली असते. वाटेत कुठेही थांबलं तरी पाणी मिळेल, रात्र झाली तर कोणी तरी ओळखीचं निघेल, आडनाव सांगितलं की अंथरूण पडेल, हे सगळं गृहीत धरूनच ती निघते.

माझ्या हिशेबात तीन गाड्या आहेत. वडिलांची एम-८०, नंतरची जुनी स्प्लेंडर आणि आता चालवते ती शाइन. शेवटच्या दोन माझ्या नावावर. त्यांची आठवण काढली की मला परतीची वेळ आठवते. माझ्या विषयाने, म्हणजे समाजशास्त्राने, या परतीच्या वेळेचा विचार फारसा केलेला नाही, असं माझं मत आहे.

वडील गवंडी. २००५ च्या सुमारास त्यांनी तिसऱ्या मालकाकडून एम-८० घेतली. बजाजची ही गाडी धड स्कूटर नाही, धड मोटारसायकल नाही. गावोगावचे दूधवाले तिला कॅन लटकवून फिरायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, गिअर डाव्या मुठीत, आणि थंडीत किक मारून मारून पोटरी भरून यायची. मागच्या कॅरिअरला थापी, ओळंबा आणि डबा. या गाडीमुळे वडिलांना रोज उदगीरला जाऊन कामावर उभं राहता यायला लागलं. हा फरक किती मोठा आहे ते खेड्यातून आलेल्यांना सांगायला नको. गावात मजुरी ठरवणारा, ती थकवणारा आणि सुगीत राबायला हक्काने बोलावणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. पंचवीस किलोमीटर लांब गेलं की ही तीन माणसं वेगवेगळी होतात. बाबासाहेबांनी खेडी सोडायला सांगितली. आमच्या घराने खेडं रोज सकाळी सोडलं आणि रोज रात्री परत धरलं, ते त्या एम-८० वर.

पण गावात शिरताना पार लागतो. पारावर मंडळी बसलेली असली की वडील गाडी बंद करून ढकलत न्यायचे. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "उतार आहे, पेट्रोल वाचतं." सकाळी निघताना तोच रस्ता चढाचा असायचा, तेव्हाही ते ढकलायचेच.

२००६ साली 'अनटचेबिलिटी इन रुरल इंडिया' हे पुस्तक आलं. ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर ते आधारलेलं आहे. वस्तीबाहेरच्या रस्त्याने सायकलवर बसून जायचं नाही, छत्री उघडायची नाही, पायात चपला घालायच्या नाहीत, अशा बंधनांची त्यात नोंद आहे. ते वाचताना मला वाटलं, पाहणी करणारे आमच्या गावी आले असते तर "बंधन नाही" अशी खूण करून गेले असते. कारण आमच्याकडे बंधन नव्हतं, उतार होता.

स्प्लेंडर २०१९ ची. मी तेव्हा औरंगाबादला एम.ए. करत होते. शिष्यवृत्तीतून राहिलेले पैसे आणि दोन उन्हाळे सर्व्हेची कामं करून मिळालेले, असे अठरा हजार दिले. गाडी २००९ सालची, टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेलं. दोन्ही कंपन्या वेगळ्या होऊन तोवर आठ वर्षं झाली होती. चारही गिअर पुढे दाबून पडणारे, आवाज शिलाई मशीनसारखा, आणि पेट्रोल पिते की हुंगते कळायचं नाही. गाडी नावावर करायच्या वेळी आरटीओतल्या एजंटने फॉर्म भरताना मान वर न करता विचारलं, "नाव भावाचं टाकायचं ना?" वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "जिची गाडी तिचं नाव."

इथे थोडं आपल्याच घरांबद्दल. आपल्या वस्त्यांमध्ये पहिली गाडी आली की ती मुलाला येते. मुलगी शिकते, नोकरीला लागते, गाडीचे हप्ते भरते आणि आरसी बुकावर भाऊ असतो. मुलीच्या वाट्याची गाडी पुष्कळदा हुंड्यात निघते आणि तीही जावयाच्या नावाने. बुद्ध-फुले-आंबेडकरांच्या तसबिरीखाली बसून ही देवघेव ठरताना मी पाहिली आहे. बाहेर "गाडी कोणाची?" असं कोणी विचारलं की आपल्याला राग येतो. घरात तोच प्रश्न कोणी विचारतच नाही.

आता मूळ मुद्दा. माझं संशोधन गायरान जमिनीवर आहे. मराठवाड्यातली भूमिहीन दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसत आली आहेत, आणि ती नावावर व्हावी म्हणून चाललेला झगडाही जुना आहे. माझी नोंदणी हैदराबादेतली, फील्ड नांदेड जिल्ह्यात. संगारेड्डी, पिटलम, मदनूर ओलांडलं की देगलूर येतं. तिथून पुढच्या काही गावांत मी काम करते. संशोधन समितीपुढे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "तुम्ही गावात मुक्काम का करत नाही? रोज जाऊन येऊन केलेलं फील्डवर्क वरवरचं राहतं."

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. गावात राहायचं, वर्षभर राहायचं, लोकांत मिसळायचं, हीच आमच्या विषयाची शिकवण. एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये कर्नाटकातल्या रामपुरात राहायला गेले. 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे त्यांचं १९७६ चं पुस्तक आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी वाचलेलं असतं. १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांची टिपणं जळाली आणि मग त्यांनी ते आठवणीतून लिहिलं, ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली जाते. ते राहिले कुठे, हे मात्र घाईत सांगून होतं. राहायला जागा दिली गावच्या मुखियाने, त्याच्या बैलांच्या घरात. आपण गाव पाहिलं ते वरच्या जातीच्या नजरेने, हे श्रीनिवासांनी त्याच पुस्तकात मान्य केलं आहे, आणि त्याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. पण पद्धत शिकवताना आम्हाला मुक्काम तेवढा शिकवतात. मुखियाचं दार कोणाला उघडतं, ते अभ्यासक्रमात येत नाही.

मी कुठे राहू? सरपंचाच्या किंवा पाटलाच्या घरी राहायचं तर आधी "पूर्ण नाव काय?" येतं. नाव सांगितलं की आवाज अधिकच गोड होतो आणि सोय समाजमंदिरात निघते. शिवाय ज्या गायरानाबद्दल मी विचारते, त्याचा तंटा बहुतेक त्याच घराशी असतो. बौद्ध वस्तीत मला कोणीही ठेवून घेईल. स्वतः ओट्यावर झोपून आतली खोली मला देतील, याची खात्री आहे. पण खोली एकच असते. आणि मी चार महिन्यांनी निघून गेल्यावर "ती बाई काय लिहून घेत होती?" या प्रश्नाला ते घर तोंड देत बसतं. म्हणून मी देगलूरला खोली घेतली आणि गावं गाडीवर करते.

एसटी आहे की, असंही समितीत कोणी तरी म्हणालं. आहे. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीटही आहे. पण माझ्या गावांतून शेवटची गाडी पाचच्या सुमारास निघते. ज्यांच्याशी मला बोलायचं आहे ती माणसं दुसऱ्याच्या रानातून सहाला परततात, हातपाय धुऊन सातला बोलायला बसतात. माझ्या बहुतेक मुलाखती शेवटची एसटी गेल्यानंतर सुरू झालेल्या आहेत. मोटारसायकल नसती तर माझ्या प्रबंधात फक्त दिवसा मोकळी असलेली माणसं बोलली असती. गावात दिवसा मोकळं कोण असतं?

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. ते प्रवासाचं पुस्तक आहे, आणि गाडी कोण हाकणार हा त्यातला सततचा प्रश्न आहे. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर गाडीवान दुप्पट भाड्यावर कबूल होतो, पण पोरांनीच बैल हाकायचे आणि तो बाजूने चालणार. १९२९ मध्ये चाळीसगावला परिस्थिती तीच. तोवर ते बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला आलेले. टांगेवाले त्यांचा टांगा हाकायला तयार नव्हते. वस्तीतल्या लोकांना पाहुण्याला पायी नेणं बरं वाटेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि कधी न हाकलेला वस्तीतलाच माणूस पुढे बसला. पुलावर चाक अडकून टांगा उलटला, घोडा गाडीसकट नदीत गेला आणि बाबासाहेब दगडांवर आपटले. पाय मोडला. चौकशीला आलेल्या माणसाला वाहन मिळणं हाच चौकशीचा विषय होता. फील्डवर्कच्या पेपरला हा उतारा लावला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शाइन घेतली २०२३ मध्ये. फेलोशिप सात महिने थकली होती आणि मग एकदम आली. त्या आठवड्यात मी शोरूमच्या बाहेर बुलेटसमोर बराच वेळ उभी होते, हे लपवत नाही. आमच्या भागात बुलेट पाटलाची, हे लहान पोरालाही माहीत असतं, त्यामुळे ती हवीशी वाटायला दुसरं कारण लागत नाही. घेतली नाही ती किमतीमुळे आणि वजनामुळे. चिखलात एकटीला उचलता आली पाहिजे. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यातली बातमी आली. कॉलेजात शिकणाऱ्या एका दलित मुलाच्या हातांवर धारदार शस्त्राने वार झाले. तो बुलेट चालवतो म्हणून हल्ला झाला, असं तक्रारीत म्हटलं आहे. वार हातांवरच का, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

शाइनचा नंबर तेलंगणाचा, टीएस. याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. मराठवाड्यात अनोळखी बाई दिसली की पहिला प्रश्न "कोणाची गं तू?" हा असतो, आणि त्याचं उत्तर आडनावापाशी संपतं. पाटीवर टीएस दिसलं की पारावरची माणसं आधी गोंधळतात. "हैदराबादहून आलात? मराठी येतं?" त्या गोंधळाची पाच-दहा मिनिटं माझ्या कामाची असतात. पुढे आडनाव येतंच. मी निळं स्टिकर लावावं का, यावर मित्रांशी वाद होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने वाहनांवरची जातीची नावं काढायचा आदेश काढला, तेव्हा "मग 'जय भीम' पण काढा" म्हणणारे लगेच उगवले. 'ठाकूर' आणि 'जय भीम' एका मापाने मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फील्डला जाताना मी स्टिकर लावत नाही, तो माझा कामाचा हिशेब आहे.

आणि पैशाचा हिशेब. २०२३ च्या जानेवारीपासून यूजीसीची जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे. मानव्यविद्यांना आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. आमच्या कार्यालयात मी पेट्रोलच्या पावत्या लावल्या तेव्हा त्या परत आल्या. दुचाकीचा खर्च धरत नाहीत, बसचं तिकीट असेल तर लावा. गायरानात बस जात नाही, असं मी लेखी दिलं. ते पत्र फाइलला आहे. ज्यांच्याकडे मुक्कामाची सोय जातीने चालत येते, त्यांचं फील्डवर्क स्वस्तात होतं. आमच्या सोयीचं बिल होतं आणि ते नामंजूर होतं. विद्यापीठांनी दुचाकीचा किलोमीटरचा दर ठरवून तो आकस्मिक खर्चात धरावा, ही काही क्रांतिकारी मागणी नाही. गाइडनी "गावात राहा" म्हणण्याआधी "कोणाकडे?" एवढं विचारावं, हीसुद्धा नाही.

यंदा नोंदणी झालेल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, गाडी कोणती घेऊ? जुनीच घ्या, शंभर ते सव्वाशे सीसीची, जिचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात मिळतात अशी. आरसी स्वतःच्या नावावर करा. पुढच्या मडगार्डात आणि चाकात किती जागा आहे ते बोट घालून बघा. पावसात काळी माती तिथे अशी ठासून बसते की चाक फिरत नाही. सीटखाली एक काडी ठेवा, बाभळीची चालते. आणि पावत्या जपून ठेवा, नामंजूर झालेल्यासुद्धा.