पिकअप घेताना काय काय मोजाल?

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा घरी आला. शिरखुर्म्याची वाटी त्याने बाजूला ठेवली आणि खिशातून घडी घातलेली चार रंगीत पत्रकं काढून माझ्यासमोर पसरली. "मामू, तुम्ही शिकवणारे. यातली कुठली घेऊ ते सांगा."

आजवर तो डहाणूत दुसऱ्याचा टेम्पो चालवत आला. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतून चिकू, बंदरावरून मासळी, तलासरीच्या पाड्यांवर सिमेंट आणि खत, अशी कामं. आता त्याला स्वतःची गाडी हवी आहे. त्याची आई म्हणजे माझी आपा. पहिल्या भरण्यासाठी तिने दोन बांगड्या मोडायची तयारी केली आहे. म्हणजे प्रश्न एका गाडीचा नव्हता.

त्याने आधी मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्या दाखवल्या. "फुल साइज पिकअप बघा!" फोर्डची एफ-१५० तिकडे अनेक वर्षं सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत आहे. पाच मीटरहून लांब, आत सोफ्यासारख्या सीटा, आणि बऱ्याचदा मागचा हौदा रिकामाच. आपल्याकडे टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली, पण ती शौकाची गाडी. चिकूचे क्रेट वाहून तिचा हप्ता निघायचा नाही. आपली फुल साइज म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योधा, अशोक लेलँडचा दोस्त आणि बडा दोस्त. त्याखाली टाटा इंट्रा आणि मारुतीची सुपर कॅरी. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला, म्हणजे आपल्या 'छोटा हत्ती'ला तर सगळेच ओळखतात.

भाच्याचं मन दोन टनवालीवर होतं. टाटाची योधा २.० ही २०२२ मध्ये दोन टनांची क्षमता घेऊन आली, आणि बोलेरो मॅक्स पिकअपमध्येही दोन टनांपर्यंतचा प्रकार आहे. मी त्याला वही काढायला सांगितली. मास्तर आहे, सवय जात नाही.

पहिला प्रश्न, माल काय? वीस किलोचा क्रेट धरला तर साठ क्रेट चिकू म्हणजे बाराशे किलो, क्रेटचं वजन वेगळं. चिकूला लांब हौदा लागतो, कारण एकावर एक फार थर लावले तर खालचा चिकू दबतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दबलेल्या चिकूला बाजारात मानांकन विचारत नाहीत. सिमेंटचं उलटं. पन्नास किलोच्या तीस गोण्या म्हणजे दीड टन, आणि हौदा अर्धासुद्धा भरत नाही. गवत उंच भरतं, वजन थोडं. मासळीबरोबर बर्फ आणि खारं पाणी येतं, म्हणून तळाचा पत्रा आणि मागचे पाटे आधी गंजतात. महिन्यातल्या तीस फेऱ्या लिहून काढल्या तेव्हा दोन टनांचा माल फक्त तीन फेऱ्यांत निघाला. तीन फेऱ्यांसाठी बाकी सत्तावीस फेऱ्यांचं डिझेल जास्त का जाळायचं?

दुसरा प्रश्न कागदांचा. गाडी आणि माल मिळून एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असेल, तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. दोन टनवाली त्या रेषेच्या वर जाते. आपण गुजरातच्या हद्दीला चिकटून राहतो. उंबरगाव, संजाण, वापीचं भाडं रोजचं. त्यामुळे ही रेषा आपल्याला फार जवळची आहे. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. लायसनची चिंता मात्र मिटली आहे. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. जादा माल भरून पकडलं गेलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. "थोडंसं जास्त चालतं" म्हणणाऱ्याला हा हिशेब माहीत नसतो.

तिसरा प्रश्न कर्जाचा. एका दुकानात त्याला "फक्त आठ टक्के" सांगितलं होतं. मी विचारलं, "फ्लॅट की रिड्युसिंग?" त्याला फरक ठाऊक नव्हता. आठ लाखांवर पाच वर्षं आठ टक्के फ्लॅट म्हणजे तीन लाख वीस हजार व्याज. तेच आठ टक्के उरलेल्या रकमेवर धरले तर व्याज सुमारे एक लाख त्र्याहत्तर हजार. म्हणजे तो "आठ टक्के" खरं तर चौदा टक्क्यांच्या आसपास होता. व्याजाबद्दल आपला दीन काय सांगतो ते वाचकांना माहीत आहे, इतरांनाही ऐकून ठाऊक असेल. मी इथे फतवा देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण जमातीत लग्नाच्या मांडवावर लाखो रुपये उडवणाऱ्या आपल्या लोकांना, कष्ट करणाऱ्या एका पोराला चार घरांनी मिळून कर्ज-ए-हसना द्यावं असं का सुचत नाही, हे मी विचारणारच. आमच्या घरात तीन जणांनी थोडं थोडं दिलं. कर्ज राहिलं, पण अर्ध्यावर आलं. बांगड्या एक वाचली, एक गेली.

इथपर्यंत भाचा खूष होता. मग मी चौथा प्रश्न विचारला. मागे माणसं बसवणार का?

तो गप्प झाला. तलासरी-डहाणूचा रस्ता ज्याने सकाळी पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. आवणीच्या दिवसांत पिकअपच्या हौद्यात वीस-पंचवीस बाया-बाप्ये उभे. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघालेली वारली कुटुंबं, भांडी, कोंबड्या आणि लेकरांसकट. लग्नाचं वऱ्हाड, आपलंही आणि त्यांचंही. मालाची फेरी संपल्यावर ही फेरी म्हणजे रोख पैसा. "मामू, सगळेच बसवतात. मी नाही म्हटलं तर भाडं दुसरा नेईल."

मी म्हणालो, पत्रकात लिहिलेली क्षमता मालाची आहे. विमासुद्धा तोच धरतो. मालाबरोबर बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस कायद्यात येतो. पण हौद्यात भाडं घेऊन बसवलेल्या मजुराची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, मालकाच्या अंगावर येते. घाटात एखादं वळण चुकलं तर तुझी गाडी जाईल, आपाची उरलेली बांगडी जाईल. आणि त्या पाड्यावरच्या पाच घरांचं काय जाईल ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. गोणी दोरीने बांधता येते. माणसाला बांधता येत नाही.

याला एक उत्तर दिलं जातं, आणि ते खोटं नाही. पाड्यावर एसटी पोचत नाही, लोक स्वतः हात दाखवतात. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल तर जी गाडी दारात उभी असेल तीच देवासारखी. तिथे नाही म्हणणारा माणूस नव्हे. पण मजबुरी वेगळी आणि धंदा वेगळा. रोज ठरवून, दर डोई पैसे घेऊन माणसं कोंबणं ही मजबुरी नाही.

आणि दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. मजूर मागवणारा वाडीवाला आणि भट्टीवाला जीपचं भाडं देणं टाळतो, म्हणून पिकअप भरते. ज्याला मजुरी हवी त्याने मजुराला माणसांच्या गाडीतून आणावं, एवढं साधं मागणं आपण वाडीवाल्यांपुढे ठेवू शकतो. आपल्यातही वाडीवाले आहेत, ठेके घेणारे आहेत. सुरुवात तिथून करा.

शेवटी त्याने सव्वा टनाच्या आसपासची, लांब हौद्याची गाडी ठरवली. चौथ्या प्रश्नावर त्याने मला कसम दिली नाही, मीही मागितली नाही. फक्त एवढं म्हणाला, "आवणीला बघू, मामू." आवणी पुढच्या महिन्यात आहे. मी रोज सकाळी शाळेला जाताना त्याच रस्त्याने जातो. त्याची गाडी समोरून आली की माझी नजर आधी हौद्याकडे जाईल, हे त्याला माहीत आहे.