वंश थांबला, घर चालले

इंजिनिअर म्हटला की आकडेमोडीत बुडालेला, घरात असून नसल्यासारखा एक गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातून तो विजेचा इंजिनिअर असला तर विचारूच नका! यंदा दिवाळीनिमित्त या सदरात मी अशाच एका इंजिनिअरची हकीकत सांगणार आहे. पण तिच्यात आकड्यांइतकाच स्वयंपाकघराचाही भाग आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

चार्ल्स स्टाइनमेट्झ हे त्याचे नाव. जन्म १८६५ सालचा, त्या वेळच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ गावचा. (आज ते गाव पोलंडमध्ये आहे.) पाठीला पोक, पाय अधू, उंची चार फुटांच्या आसपास. पोक हे बापालाही होते आणि आजोबालाही. घराण्याची इस्टेट म्हणून त्याच्या वाट्याला काय आले असेल, तर ते एवढेच. आई तो तान्हा असतानाच वारली.

मात्र गणितात बुद्धी अशी, की कॉलेजातील सोबत्यांनी त्याला ‘प्रोटिअस’ हे ग्रीक पुराणातल्या एका समुद्रदेवाचे नाव बहाल केले. हा देव वाटेल ते रूप घेई, आणि सगळी गुपिते त्याला ठाऊक असत. पुढे स्टाइनमेट्झने ते टोपणनाव आपल्या नावातच कायमचे घालून घेतले. ते दिवस बिस्मार्कचे होते. समाजवादी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचे काम केले म्हणून पोलिसांचा ससेमिरा मागे लागला, आणि १८८८ साली त्याला देश सोडून पळावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये काही महिने काढून १८८९ साली तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला.

तिथले अधिकारी त्याला परत धाडायला निघाले होते. अंगाने अपंग, खिशात पैसा नाही, इंग्रजी येत नाही. असला माणूस सरकारने का घ्यावा? तेव्हा बरोबर आलेला डॅनिश मित्र आस्मुसेन पुढे झाला. त्याने आपले पैसे दाखवले आणि याचा भार मी वाहीन, असा शब्द दिला. म्हणजे अमेरिकेला हा अलौकिक बुद्धीचा माणूस लाभला तो एका मित्राच्या भरवशावर!

आता थोडे विजेविषयी. आपल्या घरात येणारा ए. सी. प्रवाह सेकंदाला शंभर वेळा आपली दिशा पालटतो. ट्रान्सफॉर्मरमधल्या किंवा मोटारीतल्या लोखंडालाही त्याच्याबरोबर आपले चुंबकत्व पालटावे लागते. पण लोखंड जुन्या वळणाच्या माणसासारखे असते. ते वळते, पण जरा मागे रेंगाळून वळते, आणि या ओढाताणीत तापते. ती उष्णता म्हणजे फुकट गेलेली वीज. ही नासाडी किती होईल, हे पूर्वी यंत्र बांधून झाल्यावरच कळे. ते तापले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! स्टाइनमेट्झने मोजमापे घेऊन त्याचा नियमच काढला आणि १८९२ साली अमेरिकेतल्या विद्युत इंजिनिअरांच्या सभेत तो मांडला. तेव्हा त्याला सत्ताविसावे वर्ष चालू होते. यंत्र बांधण्याआधीच कागदावर नासाडीचा हिशेब करता येऊ लागला.

दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या विद्युत परिषदेत त्याने आणखी एक युक्ती मांडली. उणे एकचे वर्गमूळ ही गणितज्ञांची निव्वळ कल्पनेतली वस्तू. तिला त्याने ए. सी.च्या हिशेबाला जुंपले, आणि कॅल्क्युलसची किचकट गणिते साध्या बीजगणिताने सुटू लागली. इंजिनिअरिंग कॉलेजातली मुले आजही याच रीतीने ती गणिते सोडवतात. तो ज्या कारखान्यात नोकरीला होता तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकत घेतला, त्याबरोबर हाही तिकडे गेला. १८९४ पासून शेवटपर्यंत स्केनेक्टडी हेच त्याचे गाव झाले.

कीर्ती झाली, पगार झाला, मोठे घर झाले. घरात निवडुंगांची बाग आणि चक्क पाळलेल्या मगरी! पण माणूस? आपले पोक पुढच्या पिढीच्या पाठीवर जाऊ नये म्हणून लग्न करायचे नाही, हे त्याने कधीचेच ठरवून टाकले होते. मला विचाराल तर त्याचे सर्वांत अवघड गणित हेच होते. मुलांचा विलक्षण लळा असलेल्या माणसाने ते सोडवले होते, आणि उत्तर पूज्य आले होते.

त्याच्या प्रयोगशाळेत हेडन नावाचा तरुण मदतनीस होता. काही दिवस तो त्याच्याच घरी राहिला. १९०३ साली त्याचे लग्न झाले आणि त्याने वेगळे बिऱ्हाड केले. घर पुन्हा ओस पडले. स्टाइनमेट्झ त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागला आणि अखेर एके दिवशी त्याने विचारले, की तुम्ही दोघे माझ्याकडेच राहायला का येत नाही?

हेडनची बायको कोरीन. मोठ्या शास्त्रज्ञाच्या घरी जायचे म्हणून ती हुरळून गेली नाही. घर मी माझ्या पद्धतीने चालवीन, ही तिची अट होती. प्रयोग कितीही रंगात आलेला असो, जेवायला वेळेवर यायचे. ही हकीकत मी घरी सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “बघा, नियम लावायला काही इंजिनिअरच व्हावे लागते असे नाही!”

पुढे स्टाइनमेट्झने हेडनला रीतसर दत्तक घेतले. हेडनला दोन मुलगे व एक मुलगी झाली, आणि लग्न न करताच हा गृहस्थ आजोबा झाला. मुलांना गोष्टी सांगाव्यात, प्रयोगशाळेत रंगीत ज्वाळांचे खेळ दाखवावेत, हा त्याचा उद्योग. गावच्या शिक्षण मंडळाचा तो अध्यक्षही होता. १९२० साली त्याच्या नदीकाठच्या झोपडीवर वीज कोसळून आरसा फुटला. त्याने तुकडे वेचून पुन्हा जुळवले आणि वीज कोणत्या वाटेने गेली ते पाहिले. दोनच वर्षांत प्रयोगशाळेत त्याने कृत्रिम वीज पाडून दाखवली. १९२३ च्या शरदात हेडन मंडळींसह अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची यात्रा करून तो परतला, आणि थोड्याच दिवसांत, २६ ऑक्टोबरला, अठ्ठावन्नाव्या वर्षी घरीच वारला.

आपल्याकडे दत्तक घेतात तो वंश चालावा म्हणून. याने घेतला तो वंश थांबवून घर चालावे म्हणून. पण मला खरे कौतुक वाटते ते त्याने विचारले याचे. एकटा पडलेला माणूस बहुधा विचारत नाही. मानी असतो, संकोची असतो, कोणीतरी बोलावील म्हणून वाट पाहत बसतो. ज्याच्या सहीने कारखान्यांतली यंत्रे ठरत, त्याने आपल्या मदतनिसापुढे आणि त्याच्या नव्या नवरीपुढे शब्द टाकला. त्या दोघांनीही तो खाली पडू दिला नाही.

असो. फराळाची ताटे मांडताना आपल्या चाळीतला, वाड्यातला एखादा एकटा काका, एखादी आत्या आठवून पाहावी. त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच हाक मारली, तर स्टाइनमेट्झपेक्षाही सोपे गणित होईल!